पाण्याची हजेरी

परवा तुम्ही दोघांनी घरामागच्या पाण्याचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, आजी, याला मराठीत काय म्हणायचं? मी ‘तळं’ असं लिहून पाठवलं आणि मग दुपारभर मला चैन पडेना. मी ते पाणी पाहिलेलं नाही. त्याचा पलीकडचा काठ कुठे आहे, मे महिन्यात ते किती उरतं, ते कोण पितं, यातलं काहीही मला ठाऊक नाही. एवढ्या कमी माहितीवर पाण्याला नाव ठेवलेलं आमच्या भूगोलाच्या सरांना चाललं नसतं. त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं असं मी म्हणत नाही, कारण मी त्यांच्याबरोबरची शिक्षिका होते. पण मधल्या सुट्टीत माझा चहा थंड होईपर्यंत ते नक्की बोलले असते. म्हणून तुम्हाला सरांविषयी लिहिते. तळं म्हणजे काय हे त्यातून कळेलच असं नाही.

पारनेर तालुक्यातल्या पठारावर आमचं हायस्कूल होतं. मी तिथे सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सर माझ्याआधीपासून होते. उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक दोरी असायची. तिला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड बांधलेला. लग्नाला जायचं असलं तरी पिशवी बरोबर असे.

त्यांचं म्हणणं असं, की माणसं पाण्याच्या बाबतीत आळशी असतात. साचलेलं दिसलं की म्हणतात तळं, भिंत दिसली की म्हणतात धरण, आणि पुढे जातात. एका वर्षी नववीची सहल आम्ही मुळा धरणावर नेली. सप्टेंबर महिना होता. एसटीतून पाणी दिसताच मुलं ओरडली, “धरण फुल्ल भरलंय!”

सरांनी गाडी थांबवायला लावली. “काय भरलंय?”

“धरण, सर.”

“धरण म्हणजे ती भिंत. भिंत भरते का?”

“न्हाई, सर.”

“मग काय भरलंय?”

मुलं खिडकीतून भिंतीकडे पाहत राहिली. ऊन चढत होतं. शेवटी ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, “जलाशय भरलाय, सर. मागच्या सहलीला पन मीच हुतो. निघू का आता?”

सरांनी त्याला ‘शाब्बास’ म्हटलं आणि परत येईपर्यंत मुलांना त्याचं उदाहरण देत राहिले.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला की सर आधी शिकवायचे, मग प्यायचे. बशीत चहा ओतायचा: हे तळं. पसरट, उथळ, वारा लागला की आटतं. कप: हा आड. अरुंद, खोल, पायऱ्या नाहीत, पाणी दोरीनेच काढायचं. पायऱ्या असल्या तर बारव. वाहत्या नदीत खोल जागा असली तर डोह. नदी आटल्यावर वाळूत हाताने उकरून पाणी काढलं तर झिरा. दुष्काळी कामावर बांधलेला, पाणी जमिनीत मुरवायचा तो पाझर तलाव. त्यात पाणी दिसत नाही म्हणून हसणाऱ्या माणसाला त्याचं काम कळलेलं नाही. अलीकडे लोक खड्डा खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, ते शेततळं. शेततळ्याला सर टाकी म्हणत. “ज्याच्या तळाला कागद आहे त्याची आणि जमिनीची ओळखच नाही, बाई.”

मी एकदा म्हटलं, इंग्रजीत एवढे शब्द लागत नाहीत. ते म्हणाले, “तिथे पाऊस बारा महिने पडतो. त्यांना पाण्यावर नजर ठेवायची गरज नाही.” मी इंग्रजीच्या बाजूने उत्तर शोधत होते, तेवढ्यात घंटा झाली.

नगरला एका मंगल कार्यालयाच्या नावात ‘सरोवर’ हा शब्द होता. आमच्या हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न तिथे होतं. सर गेले, अक्षता टाकल्या, मग कार्यालयाभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या बाजूला कारंज्याचा हौद होता. त्यात त्यांनी दोरी सोडली. गाठ भिजली नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांनी हेडमास्तरांना ही माहिती दिली. हेडमास्तर त्या वेळी जिलबी वाढत होते. त्यांनी सरांच्या पानावर वाढली आणि पुढे गेले.

घरी सरांच्या पत्नी होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होते, त्यामुळे सकाळी त्यांचा आवाज मला ऐकू येई. “गावभर पाणी मोजत हिंडतायत. आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं, ते मोजा ना जरा!” सर म्हणत, “नळ माझ्या विषयात येत नाही.”

आता हजेरीबद्दल सांगते. हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

सरांनी हजेरीपटाची एक जादा वही घेतली होती आणि तिच्यात मुलांच्या नावांच्या जागी गावातली आणि आसपासची पाणी लिहिली होती. एकतीस होती. दर वर्षी अक्षय्य तृतीयेनंतर ते एकेका पाण्यापाशी जाऊन हजेरी घ्यायचे. पाणी असलं तर ‘ह’, नसलं तर ‘गै’. पाण्याचं नाव मे महिन्यात ठेवावं, हा त्यांचा नियम. “ऑगस्टात काय, बैलाच्या खुराच्या खड्ड्यातसुद्धा चंद्र दिसतो.” शाळेत सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाचं नाव पटावरून कमी करतात. सरांनी पाण्याला तोच नियम लावला: लागोपाठ तीन मे गैरहजर, तर नाव कमी. नाव कमी झालेलं पाणी शेवटच्या पानावर जाई. त्या पानाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: डबकी.

गावाच्या पूर्वेला, शाळेच्या मागे, एक तळं होतं. गाव त्याला तळंच म्हणायचं. गुरं तिथे पाणी प्यायची, पोळ्याला बैल तिथे धुवायचे. मग तीन वर्षं पाऊस ओढून धरला आणि तिन्ही मे महिन्यांत तळ्याच्या तळाला भेगा पडलेल्या दिसल्या. तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये शाळा उघडल्यावर, सर वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि उभ्यानेच म्हणाले, “गावतळ्याचं नाव कमी केलं.”

मी म्हटलं, “अहो सर, पाऊसच नाही तर त्या तळ्याने काय करायचं?”

“बाई, हजेरीला कारण लागत नाही. मूल आजारी असलं तरी ते गैरहजरच.”

हे मला पटलं नव्हतं, पण वर्गाला उशीर होत होता.

त्याच वर्षी ग्रामपंचायतीने गावातल्या पाण्यांची यादी मागवली. हेडमास्तरांनी सरांच्या वहीची झेरॉक्स काढून पाठवून दिली. कुणी एवढं तयार काम दिल्यावर पंचायतीने दुसरं काही केलं नाही. यादी तशीच आराखड्यात गेली. गावतळ्यापुढे लिहिलेलं होतं: डबके.

सर निवृत्त झाले. माझी दोन वर्षं बाकी होती. पुढे पाऊस बरा झाला, तळ्यात पाणी दिसू लागलं, पण निवृत्त माणसाने शाळेच्या वहीत लिहू नये म्हणून सरांनी हजेरी बंद केली होती. वही मात्र घरीच होती.

मग एका मार्चमध्ये पंचायतीत ठरलं की पूर्वेचं डबकं मुरूम टाकून बुजवायचं आणि तिथे गाळे बांधायचे. सरपंच आमचाच विद्यार्थी. वाईट माणूस नव्हता. गावातल्या दहा-बारा मुलांना दुकानं काढायला जागा हवी होती, आणि कागदावर ती जागा कुणाच्या कामाची नव्हती.

तळ्याच्या उताराला बौद्ध वस्ती आहे. चाळीसेक घरं. तिथली सुमन आमची विद्यार्थिनी, आता वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका. ती सरांच्या ओट्यावर आली तेव्हा मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

“सर, तळं बुजवत्यात.”

“तळं नाही ते. डबकं.”

“तुमी लिहिलं म्हनूनच बुजवत्यात. सरपंचानं मला कागद दाखवला. खाली तुमची सही हाय.”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“आमच्या आडाला त्या तळ्याचंच पानी येतं, सर. तळं गेलं की आड गेला. नळ चार दिवसांनी, तो पन अर्धा तास. चाळीस घरांनी काय करायचं?”

“कशावरून म्हणतेस, तळ्याचंच येतं म्हणून?”

“तळं भरलं की तिसऱ्या दिवशी आड चढतो. वस्तीत लहान पोराला पन ठावं हाय.”

“वहीत तशी नोंद नाही.”

“वहीत आमचा आडच न्हाई, सर.”

सर आत गेले, वही घेऊन आले, चष्मा लावून एकतीसच्या एकतीस नावं वाचली. “राहिला असेल,” ते म्हणाले.

“तीस वर्सं राहिला?”

सरांनी वही मिटली. आणि मी तांदूळ निवडत राहिले, कारण मीही त्या गावात इतकी वर्षं काढली होती आणि आड पाहायला कधी गेले नव्हते. वस्तीत पटनोंदणीला जायचे, एखादीच्या घरी आजारपणात जायचे, आणि पाणी विचारलं की ‘आत्ताच प्यायले’ म्हणायचे. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

सरांनी पिशवीतून दोरी काढून सुमनला दिली. “रोज सकाळी दगड पाण्याला टेकला की किती गाठी खाली गेल्या त्या मोज. मला फोन कर. नुसतं चढलं-उतरलं नको. गाठी सांग.”

रोज साडेसहाला फोन यायचा. सर ओट्यावर येऊन मोठ्याने बोलायचे, बहुधा फोनवर त्यांचा विश्वास नसावा. “चौदा? कालही चौदा? ठीक.” असं तीन आठवडे चाललं. चौदा म्हणजे चौदाच. वहिनी म्हणाल्या, “त्या पोरीला रोज पाढा म्हणायला लावतायत.”

एप्रिलच्या मध्याला पंचायतीने तळ्यात मोटार सोडली. मुरूम टाकायच्या आधी तळ कोरडा हवा होता. कमरेएवढं पाणी उरलं होतं, ते दोन दिवसांत ओढ्याला सोडून दिलं. पहिल्या दिवशी फोन आला: चौदा. दुसऱ्या दिवशी: चौदा. तिसऱ्या दिवशी सरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “परत मोज.”

थोड्या वेळाने: “सोळा? दोरी भिजून ताणली असेल.”

पलीकडून सुमन काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तिनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, “दोरी तुमचीच हाय, सर.”

चौथ्या दिवशी सतरा गाठी झाल्या. सरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. वहिनींनी मला सांगितलं की ते वही मांडीवर घेऊन बसलेत आणि पानं उलटत नाहीत.

एक मेला ग्रामसभा होती. मी निवृत्त व्हायला महिना होता. मतदार होते म्हणून गेले. शाळेच्या पटांगणात मांडव. एरवी ग्रामसभेला वस्तीतली पाच-सहा माणसं मागे उभी असत. त्या दिवशी बायकांसकट सगळे आले आणि पुढच्या सतरंज्यांवर बसले. गाळे हवे असलेली मुलंही आली होती.

सरपंच म्हणाला, “विषय क्रमांक चार. पूर्वेच्या डबक्याच्या जागी गाळे. सगळ्यांच्या फायद्याचं काम हाय. ते डबकं हाय हे काय मी म्हनत न्हाई. आपल्या सरांनी लिहून दिलंय, आन् सरांच्या वहीत आजवर एक खाडाखोड न्हाई.”

लोक हसले. सर उठले. माईकपाशी गेले.

“मी लिहिलं आहे. ते चूक आहे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “सर, माईक बंद हाय! परत बोला!”

माईकवाल्याने वायर हलवली, फुंकर मारली. सर थांबले. सव्वीस वर्षांत त्यांनी ‘माझं चुकलं’ असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि आता त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणायचं होतं.

“मी लिहिलं आहे. ते चूक आहे.” या वेळी पार बसथांब्यापर्यंत ऐकू गेलं.

ग्रामसेवकाने हात वर केला. “सर, इतिवृत्तात काय लिहू? जरा सावकाश सांगा.”

“लिहा,” सर म्हणाले, वर्गात शुद्धलेखन घालायचे त्या चालीवर. “भूगोलाच्या शिक्षकाने, चूक, केली.” ग्रामसेवकाने लिहिलं. “लिहिलं? पुढे. पूर्वेचं पाणी मे महिन्यात वर दिसत नाही, म्हणून मी ते गैरहजर मांडलं. ते गैरहजर नव्हतं. ते खालच्या वर्गात जाऊन बसलं होतं. मी त्या वर्गात कधी गेलो नाही.”

ग्रामसेवकाने पान उलटलं.

मग त्यांनी मोटारीचा आणि गाठींचा हिशोब सांगितला. सुमनने उभं राहून तारखा सांगितल्या. गाळे हवे असलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “सर, तुमचं चुकलं म्हनून आमच्या दुकानानं का मरायचं?” सर म्हणाले, “रास्त आहे. बसथांब्याच्या मागची जागा मी पाहून आलोय. तिथे खडक आहे. खाली पाणी नाही, वर पाणी नाही, कधी नव्हतं. दुकानाला उत्तम.”

दीड तास वाद झाला. सरपंचाने हात मोजले, दोनदा मोजले, आणि तळं राहिलं. गाळे बसथांब्यामागे बांधायचं ठरलं. सभा संपल्यावर सरपंच सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, “सर, आधी सांगितलं असतं तर मोटारीचं डिझेल वाचलं असतं.” सर म्हणाले, “आधी मला माहीत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समोरून हाक मारली. “बाई, चला. वही धरायला कुणीतरी लागेल.”

वस्तीतल्या आडावर सकाळची गर्दी होती. सुमनने दोरी परत दिली. सर आडाकडे निघाले तशी एक बाई म्हणाली, “ओ सर, नंबर लावा! आमी पहाटंपासून उभ्या हाय.”

सर रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे अकरा हंडे होते. माझ्या हातात वही, उन्हाची तिरीप डोळ्यांवर. कुणी त्यांना पुढे जा म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. नंबर आल्यावर त्यांनी दगड सोडला, गाठी मोजल्या, मला आकडा सांगितला. अठरा. मी लिहिला.

मागे सुमनची आई होती. ती म्हणाली, “झालं मोजून? आता भरा की.”

“मी भांडं आणलं नाही,” सर म्हणाले.

“पान्याला आलात आन् भांडं न्हाई?” तिने आपला पितळी हंडा पुढे केला. “हा न्या. नुसतं मोजून घरी काय सांगनार?”

सरांनी पोहऱ्याने पाणी ओढलं. सवय नव्हती, निम्मं पायांवर सांडलं, बायकांनी सूचना दिल्या, त्यातल्या काही फार मोठ्या आवाजात होत्या. हंडा भरला. आधी ओंजळीने ते तिथेच प्यायले. मीही प्यायले. पाणी गार होतं, किंचित मचूळ.

मग तो हंडा खांद्यावर घेऊन सर वस्तीतून निघाले, शाळेवरून, मारुतीच्या पारावरून, भर गावातून, माणसं दारात उभी असताना. मी वही घेऊन मागे. पारावरचं कुणीतरी म्हणालं, “सर, कुठलं पानी?” सरांनी सांगितलं, कुठलं. त्यानंतर पारावर कुणी काही विचारलं नाही.

वहिनी दारात होत्या. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, सरांच्या भिजलेल्या धोतराकडे पाहिलं.

“हे काय?”

“आडाचं पाणी. वस्तीतलं.”

वहिनी थोडा वेळ उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. “आत ठेवा. माठ रिकामाच आहे.”

हंडा दुसऱ्याचा असल्यामुळे परत देणं भाग होतं. भांडं रिकामं पाठवायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यात परसातल्या झाडाच्या कैऱ्या घातल्या. सर हंडा उचलायला वाकले, तर वहिनी पायात चपला घालत होत्या. “तुम्ही राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कैऱ्या मोजत बसाल.” आणि हंडा कमरेवर घेऊन वस्तीच्या वाटेला लागल्या.